समासातलं नाव

कागदाला जिऱ्याचा वास येत होता, एवढंच महादेवीला आधी कळलं आणि ती खुदकन हसली, कारण परवाच्या तासाला तिच्या वाट्याला मिरचीच्या पुडीचा कागद आला होता आणि अख्खी नववी ब शिंकत बसली होती. द्वारकाबाईंचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाकाबाकावरून फिरत आता तिच्यापाशी आला होता. डब्यात डोकवायचं नाही, नुसता हात घालायचा आणि लागेल ती घडी उचलायची. लोहाऱ्यात रोजचा पेपर येई तो दुपारच्या एसटीनं, तोही चार-दोन घरी. वर्गाला पुरतील एवढे पेपर आणायचे कुठून, म्हणून बाईंनी ही युक्ती काढली होती. वाण्याची पुडी सोडली की कागद चुलीत घालायचा नाही, मांडीवर ठेवून सपाट करायचा आणि शाळेत आणायचा. त्यामुळं नववी ब जे वाची ते नेहमी अर्धंमुर्धं असे. कुठं मथळा नाही, कुठं शेवट नाही, कुठं मंत्र्याच्या तोंडावर गुळाचा डाग. महादेवीनं घडी उलगडली. कागद उलटा आला होता. आणि त्या उलट्या कागदावर, डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत, तिला आपल्या वडिलांचं नाव दिसलं.

कागद तिनं लगेच सुलटा केला नाही. उलटा असेपर्यंत ती नुसती अक्षरं होती. मग बाई म्हणाल्या, “चला, दहा मिनिटं,” आणि सगळ्या बाकांवर कागद खसखसले, तेव्हा हात आपोआप फिरला. गावातल्या बंडप्पाच्या छापखान्यातून निघणारं ते साप्ताहिक होतं. शनिवारी निघालेलं, सहा दिवसांत त्याची पुडी होऊन जिरं घरोघर गेलंसुद्धा. मथळा जाड होता: मदतनिसाच्या झोपेपायी चारशे लिटर दूध नाल्यात. खाली लिहिलं होतं, ‘गेल्या मंगळवारी दुपारी दीड ते तीन या वेळेत वीज नव्हती. चिलिंग सेंटरचे दूध परीक्षक श्री. शांतलिंग हे सदर वेळेत केंद्रावर हजर होते. जनरेटरच्या खोलीची किल्ली त्यांनी मदतनीस धोंडीबा याजकडे दिली असता तो झोपी गेला. धोंडीबा हा मुळातच आळशी इसम आहे. दुष्काळात लेकरांच्या तोंडचं दूध घालवणाऱ्यांस थारा देऊ नये. चेअरमन नानासाहेब यांनी त्यास घरी बसविले असून येत्या शनिवारी संचालक मंडळ कायमचा निर्णय’, आणि तिथं कागद फाटला होता. येता शनिवार म्हणजे उद्या. ती आठवी ओळ वाचून होईपर्यंत तिच्या डाव्या कोपराला पुतळाचं उजवं कोपर लागून होतं, रोजच्यासारखंच, आणि पुतळा ही त्या धोंडीबाची मुलगी होती.

महादेवीनं कोपर काढून घेतलं नाही. काढलं असतं तर कळलं असतं. तिनं नुसता तळहात कागदावर पसरला, जसं कुणी उष्ट्या ताटावर झाकण ठेवावं. “तुला कुठला आला?” पुतळानं विचारलं. “आहे एक,” महादेवी म्हणाली, “जिऱ्याचा.” पुतळानं मान हलवली आणि ती आपल्या कागदावर वाकली. तिच्या कागदात ज्वारीच्या नव्या वाणाची जाहिरात होती. मग महादेवीच्या मनात आलं, ही घडी डब्यात टाकली कुणी? घडी चौकोनी होती, कडेला कड लावलेली, नखानं दाबलेली. पुतळा वहीची पानंसुद्धा अशीच मुडपायची. पण नखानं घडी दाबणाऱ्या पोरी वर्गात निदान दहा असतील. आणि पुतळानंच टाकली असली, तरी ती माझ्याच हाताला लागावी हे तिला कसं ठरवता येईल? तरी ते डोक्यातून जाईना. हे आपल्याला नुसतं वाटतंय, तिनं स्वतःला बजावलं. याच्याखाली नागमोडी.

कारण तीच तर बाईंची शिकवण होती, आणि ती वर्गात कुणाला चढली असेल तर महादेवीला. जे वाक्य तपासता येतं, ज्याबद्दल कुठं जाऊन बघता येतं, कुणाला तरी विचारता येतं, त्याच्याखाली सरळ रेघ. जे नुसतं वाटतं, चांगलं-वाईट म्हणतं, असावं-नसावं म्हणतं, त्याच्याखाली नागमोडी रेघ. आणि सरळ रेघ मारली की तेवढ्यानं सुटका नाही. समासात लिहायचं, तपासायचं कुठं, विचारायचं कुणाला. जानेवारीत बाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा महादेवीला कुणीतरी नवे डोळे बसवल्यासारखं झालं होतं. ती रेघा मारतच सुटली. मामांच्या पत्रावर मारल्या, लग्नपत्रिकेवर मारल्या, औषधाच्या बाटलीच्या चिठ्ठीवर मारल्या. अव्वा, म्हणजे तिची आई, म्हणाली, “आमटी खारट झाली ग,” तर ही म्हणाली, “हे तुझं मत झालं, अव्वा.” अव्वानं एक घास तिच्या तोंडात कोंबला. “आता?” महादेवीला ठसका लागला. “आता दोघींचं मत,” ती म्हणाली, तेव्हा अव्वा म्हणाली, “तुझं मत आणि ही घागर, दोघं जाऊन टँकरच्या रांगेत उभं रहा.” अप्पा तेव्हा भिंतीला टेकून हसले होते. अप्पा हसत ते आवाज न करता, नुसते खांदे हलत. सेंटरवर त्यांना दिवसभर कुणी हसताना पाहिलं नव्हतं. चारा छावणीतल्या म्हशींचं दूध कॅनमधून येई, अप्पा त्यात काचेचं मापक सोडत, ते डुलायचं थांबेपर्यंत बघत आणि म्हणत, “सव्वीस.” किंवा “अठ्ठावीस.” दूध पातळ आहे, तू पाणी घातलंस, तू चोर आहेस, असलं काही ते कधी म्हणत नसत. ज्याला समजायचं त्याला आकड्यात समजे. महादेवीला बाईंचा धडा ऐकताना आधी अप्पाच आठवले होते. आपले अप्पा सगळे सरळ रेघेचे, असं तिला वाटलं होतं, आणि हेही नागमोडीच होतं हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं पेनाचं टोपण काढलं. ते पेन बक्षिसाचं होतं. काळं, सोनेरी पट्टीचं, त्या मंगळवारी मिळालेलं. पहिल्या ओळीखाली तिनं पटकन सरळ रेघ ओढली: दीड ते तीन वीज नव्हती. ही रेघ तिला डोळे मिटूनही मारता आली असती. कारण वीज गेली तेव्हा ती शाळेच्या हॉलमध्ये स्टेजवर उभी होती, माईकसमोर, आणि ‘सहकार’ या विषयावर बोलत होती, आणि ‘खेड्यापाड्यातल्या माणसाला उभं करण्याचं सामर्थ्य’ इथपर्यंत पोचली होती. सामर्थ्य म्हणताना माईक मेला. पंखे थांबले. समोर तीनशे पोरं, पुढं खुर्च्यांवर तीन परीक्षक, सगळ्यांचं तोंड तिच्याकडं, आणि तिला पुढचं वाक्य आठवेना. जीभ टाळूला चिकटली. तिनं नजर उचलली ती सगळ्यांच्या डोक्यांवरून मागच्या खिडकीकडं, आणि खिडकीत अप्पा होते. पांढरा कोट घातलेले, एका हातानं सायकलचं हँडल धरलेले, डोक्यावर लिंबाची चार पानं पडलेली. ‘मला न्हाय जमायचं बाई यायला,’ असं सकाळी म्हणालेले अप्पा. तिनं श्वास घेतला आणि माईक नसताना, घसा ताणून, पार खिडकीपर्यंत पोचेल अशा आवाजात पुढचं सगळं भाषण केलं. नंतर परीक्षक म्हणाले, माईक बंद पडल्यावर ही मुलगी खरी बोलायला लागली. तिलाही तसंच वाटलं. त्या दिवसापासून तिचं चालणं बदललं, वर्गात हात वर करणं बदललं, दुकानात ‘आधी मला द्या’ म्हणणं बदललं. आणि हे सगळं वीज गेल्यामुळं. वीज गेलेली अप्पांनाही दिसली होती. पंखे थांबलेले त्यांनाही दिसले होते. चिलिंग सेंटर सायकलवर दहा मिनिटांच्या वाटेवर, बाहेर मार्चचं ऊन, टाकीत दुपारी बाराचं नुकतं आलेलं दूध, जनरेटर लावला नाही तर नासणारं. तरी ते थांबले. आणखी पाच भाषणं झाली, निकाल लागायला वेळ लागला, तिचं नाव पुकारलं, ती पुन्हा स्टेजवर चढली, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा एक हात सायकलला अडकलेल्या त्या माणसाला टाळ्या वाजवता येईनात, म्हणून त्यानं दुसऱ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वर धरून खळखळ वाजवला. तीनशे पोरांच्या टाळ्यांतून तिला तो आवाज निराळा ऐकू आला. रोज संध्याकाळी दारात तोच आवाज यायचा. जुडग्यात तीन किल्ल्या होत्या. एक प्रयोगशाळेची, एक गोदामाची, एक जनरेटरच्या खोलीची.

त्या संध्याकाळी मात्र जुडगा वाजला नाही. अप्पा आले ते आंबूस वास घेऊन आले. पाय धुतले, तोंड धुतलं, पुन्हा पाय धुतले. अव्वानं ताट वाढलं. महादेवी बक्षीस हातात घेऊन कधीची उभी होती. तिच्या ओठांवर होतं की तुम्ही आलात आणि म्हणून मला आठवलं. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, तिच्याकडं न बघता विचारलं, “कसं झालं ग तुझं भाषण?” चूल धुमसत होती. अव्वा पाठमोरी होती. महादेवीला एका क्षणात सगळं कळलं असंही नाही. पण कुणीतरी हात पुढं करावा आणि आपण तो न विचारता धरावा, तसं तिच्या तोंडून निघून गेलं, “बरं झालं. तुम्ही यायला पाहिजे होतं, अप्पा.” अप्पांनी मान हलवली. भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेबांचा माणूस दारात आला, तेव्हा अप्पा उंबऱ्यावरून म्हणाले, “मी तिथंच होतो की. किल्ली धोंडीबाला दिली होती.” आकडा सांगताना बोलत तशाच आवाजात.

“पाच मिनिटं राहिली,” बाई म्हणाल्या. बाई फार बुटक्या होत्या आणि बाकांमधून फिरताना त्यांचा फक्त अंबाडा पुढं सरकताना दिसे. आता तो अंबाडा खिडकीकडच्या रांगेत होता. महादेवीनं मधली दोन वाक्यं सोडून पेन थेट चौथ्यावर नेलं. मुळातच आळशी इसम: नागमोडी. थारा देऊ नये: नागमोडी. वळणं सुरेख आली. दुसऱ्या, ‘केंद्रावर हजर होते’ या वाक्याखालची जागा पांढरी राहिली होती. त्याच्याखालीही एक नागमोडी मारली तर? कोण विचारणार आहे? छापणाऱ्याला वाटलं, त्यानं छापलं. सगळंच आपलं वाटणं. तिला एकदम हलकं वाटलं. मग डावीकडचं कोपर हललं आणि तिला हलकं वाटायचं थांबलं. पुतळाचं तिच्याशी एकदाच बोलणं झालं होतं या गोष्टीवर, गेल्या सोमवारी, मधल्या सुट्टीत. पुतळानं डबा आणला नव्हता. तिचा बाप सेंटरवरून बंद झाल्यापासून रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होता. महादेवीनं आपली अर्धी भाकरी पुढं केली, पुतळानं ती घेतली, आणि चावता चावता, भांडायच्या सुरात नाही, अगदी सहज म्हणावं तसं म्हणाली, “माझा बा दुपारचा झोपत न्हाय ग. त्याला दुपारी झोपच येत न्हाय. किल्लीबी न्हवती त्याच्यापाशी.” तेव्हा गप्प बसता आलं असतं. डोळे दुसरीकडं वळवता आले असते. पण महादेवीच्या तोंडाला त्या दिवसांत धारच फार आली होती. ती म्हणाली, “हे तुझं मत झालं, पुतळे.” पुतळानं चावायचं थांबवलं. “मत?” ती म्हणाली. मग तिनं तोंडातला घास गिळला आणि उरलेली भाकरी महादेवीच्या डब्याच्या झाकणावर ठेवली, व्यवस्थित, अगदी मधोमध. त्यानंतर ती याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. बाक मात्र तिनं बदललं नव्हतं. बदललं असतं तर बरं झालं असतं.

“बाई, माझं खोडायचंय,” मधल्या रांगेतून भिमा म्हणाली. भिमाचं रोज काहीतरी खोडायचं असे. तिच्या कागदात छापलं होतं की तुळजापूरच्या बसस्थानकावर यात्रेकरूंसाठी पाण्याचा नळ चोवीस तास चालू आहे. “मी सरळ मारली हुती. पण परवा आमी गेलो हुतो तिथं. नळ ठणठणीत कोरडा. वर बोर्ड, खाली कुत्रं झोपलेलं. मग नागमोडी करू का?” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या फळ्यापाशी आल्या. “का करायची नागमोडी?” “खोटं हाय की, बाई.” “खोटं आहे हे तुला कसं कळलं?” “जाऊन बघितलं.” “मग,” बाई म्हणाल्या, “जाऊन बघता आलं ना? सरळच रेघ राहू दे. नीट ऐका सगळ्यांनी. सरळ रेघ म्हणजे वाक्य खरं आहे असं नाही. सरळ रेघ म्हणजे ते तपासता येतं. आवडलं नाही, पटलं नाही, खोटं निघालं, म्हणून कुठल्या वाक्याला मत म्हणायचं नाही. मत म्हटलं की कुणी तपासायला जात नाही. छापणाऱ्याला तेच हवं असतं.” त्यांनी खडूनं फळ्याच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत समास आखला. खडू मधेच करकरला आणि महादेवीच्या दातांतून कळ गेली. “भिमा, तुझ्या समासात काय येईल?” “काय लिहू? कुत्र्याला विचारा?” “तुझं नाव लिही,” बाई म्हणाल्या. “तू बघितलंस ना.”

महादेवीच्या तळहाताखालचा कागद ओला झाला होता. शाई पसरून ‘आळशी’मधला ळ फुगला होता. तिला वाटलं आपण आजारी पडावं, इथं, आत्ता. पोटात दुखतंय म्हणावं. तिनं पोटात दुखतंय का ते पाहिलं, तर खरंच दुखत होतं, आणि ते तपासायला कुणाला सांगणार. घरी अप्पा असतील. आज शुक्रवार, ते दुपारी जेवायला येतात. अलीकडं ते आले की अव्वा बोलायची थांबते. तिला काय माहीत आहे हे महादेवीला माहीत नव्हतं. उद्या नानासाहेब आणि मंडळ बसेल, चहा येईल, हा कागद तिथं असेलच कुणाच्या तरी हातात, पुडी न झालेला, आणि एका सहीत धोंडीबा कायमचा जाईल. आणि न गेला तर कोण जाईल, तेही तिला कळत होतं. पांढरा कोट खुंटीवर राहील. लोक अप्पांना म्हणतील, लेकीचं भाषण ऐकायला गेला आणि गरिबाच्या पोटावर पाय दिला. पहिला भाग खरा. दुसराही, तपासायला गेलं तर.

“महादेवी, ये,” बाई म्हणाल्या. “एक वाक्य घे आणि फळ्यावर सोडव.”

ती उठली. चालताना ती रोजच्यासारखीच चालली, मान वर, वेण्या मागं. ते चालणं आता पायांना सवयीचं झालं होतं. कागद डाव्या मुठीत होता. तिनं फळ्यावर लिहिलं: मंगळवारी दुपारी दीड ते तीन वीज नव्हती. खाली सरळ रेघ. समासात: लाइटच्या ऑफिसात विचारा. अक्षर टपोरं आलं. “छान,” बाई म्हणाल्या, “बस जाऊन.” मागून भिमा म्हणाली, “हे तर बारक्या पोरालाबी येईल. बक्षीसवालीला अवघड द्या की, बाई.” कुणीतरी खिदळलं. महादेवी वळली. समोर चाळीस तोंडं, तिच्याकडं. त्यांच्या मागं वर्गाची खिडकी होती, रिकामी, उन्हानं पांढरी झालेली. पुतळा बाकावर बोटानं काहीतरी गिरवत होती. तिनं वर पाहिलं नव्हतं. महादेवीची जीभ पुन्हा टाळूला चिकटली, त्या मंगळवारसारखीच, आणि तिला एकाएकी उमगलं की त्या दिवशी हॉलच्या खिडकीत कुणी नसतं तर ती तशीच उभी राहिली असती, गप्प, आणि आज शहाण्यासारखी कुणाला मत म्हणजे काय ते सांगत फिरली नसती. खिडकीत अप्पा आलेच नव्हते, असं म्हणायचं, तर मग ते भाषण कुणी केलं?

ती पुन्हा फळ्याकडं फिरली. पहिल्या वाक्याखाली तिनं दुसरं लिहिलं. हळू, एकेक अक्षर दाबून: दूध परीक्षक शांतलिंग हे सदर वेळेत केंद्रावर हजर होते.

कुणाचे वडील कोण हे त्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. पुतळाचं गिरवणारं बोट जागच्या जागी राहिलं. “रेघ?” बाईंनी विचारलं, अगदी हळू. महादेवीनं सरळ रेघ ओढली. खडू मोडला, उरलेल्या तुकड्यानं तिनं ती पुरी केली. “समासात?” बाई म्हणाल्या. “त्यांनाच विचारा म्हणावं की,” भिमा म्हणाली, पण आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “ज्याच्याबद्दल वाक्य आहे त्यानं तर सांगितलंच आहे,” बाई म्हणाल्या. “आणखी कुणी बघितलं असेल तर त्याला विचारायचं. असलं कुणी तर.”

महादेवीनं समासात लिहिलं, विचारा. पुढं स्वतःचं नाव लिहिलं, मग वडिलांचं, मग आडनाव, मग नववी ब. वडिलांचं नाव लिहिताना हात थांबेल असं तिला वाटलं होतं, पण वर्षानुवर्षं वहीच्या पहिल्या पानावर लिहून हाताला त्याची सवय होती. “सही ठोकली काय ग?” मागून कुणीतरी पुटपुटलं. बाईंनी ते वाचलं. डस्टर टेबलावर ठेवलं. त्या पायरीवर चढल्या, तरी महादेवीच्या खांद्यालाच लागल्या.

“तुला विचारू?” त्या म्हणाल्या. “इथं नको असलं तर बाहेर चल. मी आहे.”

“इथंच विचारा, बाई.”

“मंगळवारी दीड ते तीन शांतलिंग कुठं होते?”

“आपल्या हॉलच्या मागच्या खिडकीत,” महादेवी म्हणाली. माईक नसताना बोलायचं तसं तिला बोलावं लागलं, नाहीतर आवाज निघाला नसता. “वीज गेली तेव्हा होते. निकाल लागेपर्यंत होते. मी स्टेजवर होते, म्हणून मला दिसले. बाकी सगळ्यांच्या पाठी होत्या तिकडं.”

बाहेर टँकर आल्याचा भोंगा वाजला आणि घागरींचा आवाज सुरू झाला. पुतळा उभी राहिली होती. बाईंना न विचारता, हात वर न करता.

“आन् किल्ल्या?” तिनं विचारलं.

महादेवीनं तिच्याकडं पाहिलं. बाईंकडं नाही, वर्गाकडं नाही.

“त्यांच्या हातात होत्या,” ती म्हणाली. “माझं नाव पुकारलं, तवा त्यांनी वाजवल्या.”